इस्त्रीवालीचा पाय

त्याला तिथले सगळे पायवाला म्हणत. पासपोर्टावरचं त्याचं नाव त्या लोकांच्या जिभेवर नीट बसत नसे, आणि काम तर सगळ्यांना माहीत होतं. मिशनच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत तो कृत्रिम पाय बनवायचा. बसचा कंडक्टरसुद्धा त्याला "पायवाले, जरा आत सरका" म्हणे. सुरुवातीला त्याला हसू यायचं, मग ते आवडायला लागलं. आपल्या देशात तो एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात हेच काम करत होता, आणि तिथे त्याला कुठल्याच नावाने कोणी फारशी हाक मारत नव्हतं.

बायकोला घेऊन तो समुद्र ओलांडून इथे आला त्याला सात वर्षं झाली होती. त्याला पाठवलं त्याच्या घरच्या मंडळीने, म्हणजे गावाकडच्या चर्चने, आणि मंडळीला तयार केलं त्याच्या थोरल्या भावाने. दादा म्हणजे चर्चमधलं वजनदार माणूस. तो बोलायला उभा राहिला की मागच्या बाकावर पेंगणारेसुद्धा सावरून बसत. लहानपणापासून घरी येणारा पाहुणा दादाचं तोंड भरून कौतुक करी आणि मग याच्याकडे बघून, राहून गेल्यासारखं, म्हणे, "हाही चांगला आहे हो."

दवाखान्यापासून वीस मिनिटांवर, कालव्याच्या कडेने पत्र्यांची वस्ती होती. दगडाच्या खाणीत, रस्त्यावर, नाहीतर साध्या चिघळलेल्या जखमेपायी पाय गमावलेली माणसं त्या वस्तीतून येत. शहरात पाय मिळायचा, पण तो त्यांच्या आवाक्यातला नव्हता. इथे पाय मिळे, चहा मिळे आणि पायवाल्याच्या गप्पाही मिळत. एकदा परदेशातून पावलांचं खोकं आलं, ते उघडलं तर चाळीसच्या चाळीस डावी निघाली. तेव्हा बाकावर बसलेला एक म्हातारा म्हणाला होता, "आता उजवा पाय तुटलेल्यांनी काय उलटं चालायचं?" सगळी खोली हसली होती.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तुटलेल्या पायाचा जो भाग उरलेला असतो, त्याचा प्लास्टरने साचा घ्यायचा. त्या साच्यावर भट्टीत मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा ओढून खोळ बनवायची. तिला तो सॉकेट म्हणे. माणसाचा सगळा भार त्या सॉकेटवर येतो. ते कुठे घासलं, कुठे रुतलं, तर कातडी सोलते आणि मग हाडापर्यंत जाते. म्हणून एक नियम होता, आणि पायवाल्याने तो शिकताना शंभरदा ऐकला होता. पेशंटला थोडं चालवायचं, पाय काढायचा आणि कातडी बघायची. लाल डाग दिसला तर घड्याळ लावायचं. दहा मिनिटांत डाग गेला तर ठीक. नाही गेला तर सॉकेट चुकलंय. त्यात वाद नाही.

इस्त्रीवाली त्याच्याकडे आली ती कुबड्यांवर. वस्तीच्या तोंडाशी, पत्र्याच्या आडोशाला ती कोळशाच्या इस्त्रीने लोकांचे कपडे करून द्यायची. रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रकने तिचा डावा पाय गुडघ्याखाली नेला होता. नवरा लांबच्या मालगाड्यांवर हमाल, आठ-आठ दिवस बाहेर. घरात सासू आणि ती. तिशीतली, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "भाऊ, पाय असा द्या की दिवसभर उभं राहता येईल. नाचायचं नाहीये मला. इस्त्री बसून होत नाही. हात पोचत नाही न् घडी वाकडी येते."

"देतो की, ताई. नाचलात तरी मोडणार नाही."

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. मंडळीतल्या आठ जणांना घेऊन तो काम बघायला येणार होता. गुरुवारी पोचणार. पायवाला बोलता बोलता बोलून गेला, "दादा, तू येशील त्या दिवशी तुझ्यासमोर एक बाई पहिल्यांदा चालेल."

कोणी मागितलं नव्हतं. त्याने आपणहून दिलेला शब्द होता तो.

सोमवारी त्याने तिला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. ती चार पावलं चालली, परत फिरली, चार पावलं आली. त्याने पाय उतरवला. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला जिथे हाडाचा उंचवटा असतो, तिथे नखाएवढा लाल डाग होता. त्याने घड्याळ बघितलं. दहा मिनिटांनी डाग तसाच. पंचवीस मिनिटांनीही तसाच. साचा घेताना त्या उंचवट्यावर पुरेशी जागा सोडायची राहिली होती. नवा साचा घ्यायचा म्हणजे चार दिवस. चार दिवस म्हणजे शुक्रवार.

त्याने सॉकेट आतून थोडं घासलं. आणखी घासलं असतं तर प्लॅस्टिक पातळ होऊन तडकलं असतं. मग त्याने तिला एकाऐवजी दोन मोजे घालायला दिले. मंगळवारी पुन्हा चालवलं. डाग होताच.

"भाऊ, टोचतंय," ती म्हणाली. "इथं. खडा असल्यासारखं."

"नवी चप्पलसुद्धा चावते की. अंगवळणी पडेल."

तिने त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणता तर पडेल."

गुरुवारी दवाखान्याच्या अंगणात पाहुणे खुर्च्यांवर बसले. इस्त्रीवाली स्वतः कडक इस्त्री केलेला निळा झगा घालून आली होती. ती दाराच्या पायरीपासून झाडापर्यंत चालत गेली आणि परत आली, काठीशिवाय. पाहुण्यांमधली एक बाई रडायला लागली. कोणीतरी स्तोत्र सुरू केलं. दादाने पायवाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा माझा भाऊ. माझा धाकटा भाऊ!" असं तो याआधी कधी म्हणाला नव्हता. फोटो काढले. फोटोत इस्त्रीवाली हसते आहे. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते, आणि तो घाम उन्हाचा नव्हता, हे त्या अंगणात फक्त एका माणसाला कळलं होतं.

तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. 'ताई, पाय इथेच ठेवून जा, मी नवं सॉकेट करतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण दादा शेजारी उभा होता आणि ती पाय लावून घरी जायला निघाली होती. पायवाल्याने तिच्या कार्डावर लिहिलं, 'दोन आठवड्यांनी दाखवणे.' मग तो पाहुण्यांबरोबर मिशनची दुसरी दोन केंद्रं दाखवायला गेला. बसमध्ये दादाच्या शेजारी बसून त्याने मनाशी ठरवलं की परत गेल्या गेल्या तिला बोलवायचं.

परत आला तर सात जण बाकावर वाट बघत होते. दोन आठवडे झाले. ती आली नाही. आली नाही म्हणजे बरंच असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. वस्ती वीस मिनिटांवर होती. तो गेला नाही.

सहाव्या आठवड्यात सासूने तिला हातगाडीवर घालून आणलं. पट्टी सोडायच्या आधीच खोलीत वास पसरला. पायवाल्याची बायको दवाखान्यात ड्रेसिंग करायची. तिने पट्टी सोडली आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. जखम हाडापर्यंत गेली होती आणि हाड काळं पडलं होतं.

"एवढं होईपर्यंत काय करत होतीस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मायेच्या होत्या, पण धसका बसला की त्यांचा आवाज चढे. "दुखायला लागलं की पाय काढून ठेवायचा, लगेच इथं यायचं. सांगतो ना आम्ही सगळ्यांना?"

इस्त्रीवाली तापाने फणफणली होती. "सांगितलं असेल, बाई. मला वाटलं, पडेल अंगवळणी. माझंच चुकलं."

पायवाला दाराच्या चौकटीला धरून उभा होता. सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते नेमकं उलटं. तोंड उघडायला तेव्हा एक क्षण पुरला असता. त्याने उघडलं नाही. सासू मात्र बोलली. "ऐकलंस? तुझंच चुकलं. देवमाणसाने पाय दिला आणि हिने तो नासवला."

शहरातल्या सरकारी इस्पितळात तिचा पाय गुडघ्याच्या वर कापला.

गुडघा असणं आणि नसणं यात किती अंतर आहे, हे पायवाल्याएवढं कोणाला ठाऊक? गुडघा असलेला माणूस महिन्याभरात चालतो आणि दिवसभर उभा राहतो. गुडघा गेलेल्याला प्रत्येक पाऊल कंबरेतून ओढावं लागतं, आणि उभं राहणं हेच काम होऊन बसतं. हे कळत असूनही त्याने पुढचे तीन महिने तोंड मिटून काढले. कामात मात्र तो भलताच कडक झाला. दुसऱ्यांच्या पायावर पुसटसा डाग दिसला तरी सॉकेट फेकून देई. लोक म्हणत, पायवाला किती काळजी घेतो! ते ऐकून तो पाठ फिरवून कानस उचलायचा.

रोज सकाळी तो गुडघे टेकून प्रार्थना करी आणि देवाजवळ सगळं कबूल करी. ते त्याला जमायचं. देवाला सांगताना समोर कोणाचा चेहरा बदलत नव्हता. उठल्यावर चहा होईपर्यंत बरं वाटे, आणि मग खिडकीतून कुबड्यांवरचं कोणीतरी येताना दिसे.

मग घरच्या मंडळीचं मासिक आलं. पहिल्याच पानावर निळ्या झग्यातली इस्त्रीवाली होती. खाली दादाने लिहिलं होतं, 'प्रभूने तिला उभं केलं.' पायवाल्याने मासिक पालथं घातलं आणि वर डबा ठेवला. बायकोने डबा उचलला, पान बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"काय झालंय तुम्हाला? तीन महिने बघतेय. नीट जेवत नाही, कोणी हाक मारली की दचकता. हिच्या पायाशी काही संबंध आहे का?"

त्याने सांगितलं. सोमवारपासूनचं सगळं, मिनिटांसकट. ती ऐकत राहिली. मध्येच तिने खुर्ची ओढून बसून घेतलं.

"मी तिचं ड्रेसिंग करत होते," ती शेवटी म्हणाली, "आणि मीसुद्धा तिलाच बोलले. म्हटलं, बायकांनो, स्वतःकडे कधी बघणार तुम्ही? तुम्ही दारात उभे होतात."

"हो."

"देवाला सांगितलंत?"

"रोज सांगतो."

"त्याचा पाय नाही गेला. जिचा गेलाय तिला सांगा."

त्याने आधी दादाला फोन केला. थोडा धीर येईल अशी आशा होती, किंवा कोणीतरी 'नको सांगूस' म्हणेल अशीही असेल. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, चुका सगळ्यांच्या होतात. पण आता ही गोष्ट बाहेर काढून कोणाचं भलं होणार? तिचा पाय परत येणार आहे? कामाचं नाव मात्र जाईल. इथे लोक तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतात रे."

"माझ्यासाठी करतात, दादा. तिला घरात बोलणी बसतायत."

"मग तिला गुपचूप काहीतरी मदत कर. सांगायला कशाला हवं?"

पायवाल्याला वाटलं, दादाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तीन महिने तो स्वतः हेच करत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो वस्तीत गेला. पत्र्याच्या आडोशाला सासू इस्त्री करत होती. सत्तरीची बाई, दोन्ही हातांनी इस्त्री उचलायची आणि दर घडीनंतर टेबलाला टेकून श्वास घ्यायची. इस्त्रीवाली खाली चटईवर बसून कपड्यांना बटणं लावत होती.

"या या, पायवाले," सासू म्हणाली. "सूनबाई, सरक, त्यांना बसू दे. कशी बसलीय बघा, पोत्यासारखी. तुम्ही एवढा चांगला पाय दिलात..."

"माई, तेच सांगायला आलोय," तो म्हणाला. बसला नाही. "तो पाय चांगला नव्हता."

सासू हसली. तिला वाटलं, हा विनयाने बोलतोय.

मग त्याने उभ्याउभ्या सांगितलं. पायावर लाल डाग पडत होता. दहा मिनिटांत जायला हवा तो जात नव्हता. याचा अर्थ सॉकेट चुकलं, हे त्याला कळलं होतं. नवं करायला चार दिवस लागले असते आणि पाहुणे तीन दिवसांत येणार होते. "यांनी काही चुकवलं नाही. यांनी मला सांगितलं होतं टोचतंय म्हणून. मीच म्हणालो, अंगवळणी पडेल."

इस्त्रीवालीची सुई थांबली होती. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी टोचतंय म्हणाले, तेव्हा?"

"त्याच्या आदल्या दिवसापासून."

"मी रोज रात्री पट्टी बांधत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सकाळी पट्टीवरून पाय चढवायचा. दात दाबून चढवायचा. वाटायचं, आपणच नाजूक. बाकीचे लोक घालतात, त्यांना होतंच ना सवय. पाच आठवडे, भाऊ. तुम्ही म्हणाला होतात म्हणून."

त्याला म्हणायचं होतं, मला माफ करा. तो एवढंच म्हणू शकला, "माझ्यामुळे तुमचा गुडघा गेला."

सासूने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली. "म्हणजे मी हिला एवढे महिने... पोरीला उठता-बसता..." ती मध्येच थांबली. मग एकदम त्याच्यावर उसळली. "आणि तुम्ही दारात उभं राहून ऐकत होतात! मी तुम्हाला देवमाणूस म्हणाले, ते ऐकून घेतलंत!"

शेजारच्या दोन बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. सासू बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले, तेव्हा ती खाली सुनेशेजारी जाऊन बसली. इस्त्रीवालीने तिच्याकडे बघितलं नाही, पण सरकून जागा दिली.

"माफीबिफी मागायला आला असाल तर मला आज जमणार नाही," ती त्याला म्हणाली. "पुढे जमेल का तेही माहीत नाही. तुम्ही जा आता. आणि हे दवाखान्यात सांगा. त्या बाई मला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. तुमची बायको पण बोलली. सगळ्यांसमोरच सांगा."

त्याने सांगितलं. दवाखान्याच्या सकाळच्या प्रार्थनेला सगळे जमले होते, डॉक्टरीणबाई, नर्सा, औषधं देणारा, बाकावरचे पेशंट. तिथे उभं राहून त्याने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. प्रार्थना झाल्यावर त्यांनी तिचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. "यावर लिही. तारखांसकट." त्याने लिहिलं. त्या दिवसापासून दुसऱ्या केंद्रावरची तंत्रज्ञ बाई आठवड्यातून दोन दिवस येऊ लागली आणि तिने तपासल्याशिवाय त्याचा एकही पाय कोणाच्या घरी जात नसे. बाकावरचे दोन पेशंट तर थेट म्हणाले की आम्हाला त्या बाईच हव्यात. डॉक्टरीणबाई स्वतः वस्तीत जाऊन इस्त्रीवालीशी बोलून आल्या. त्याची बायकोही गेली. काय बोलली ते तिने त्याला सांगितलं नाही.

घरच्या मंडळीला त्याने पत्र लिहिलं. दादाने ते वाचून दाखवायला नकार दिला, तेव्हा पाळकांनी एका रविवारच्या उपासनेत ते वाचलं. काहींनी प्रेमाने उत्तरं पाठवली, काहींनी आपल्या प्रार्थनेतून त्याचं नाव वगळलं. दादाचा फोन नंतर बरेच महिने आला नाही. आला तेव्हा तो हवापाण्याचं बोलला.

इस्त्रीवालीचा नवा पाय तंत्रज्ञ बाईने केला, गुडघ्याच्या सांध्याचा, जड. ती अंगणात शिकत असताना पायवाला आतल्या खोलीत कानस चालवत बसे. बाहेरून आवाज येत. पडण्याचा, शिवीचा, मग पुन्हा काठीचा. शेवटी ती चालली, पण काठी सुटली नाही, आणि टेबलाशी तासाभरापेक्षा जास्त उभं राहणं तिला जमलं नाही. सकाळी ती इस्त्री करी, दुपारनंतर सासू.

एका मंगळवारी ती आली तेव्हा तंत्रज्ञ बाई आजारी होती. सांध्याचा स्क्रू ढिला होऊन गुडघा मध्येच दुमडत होता. पायवाल्याने तिला बाई आज नसल्याचं सांगितलं आणि म्हणाला, "बाई गुरुवारी येतील."

ती दारातच उभी राहिली. कालव्यापर्यंत परत जायचं म्हणजे दुमडणाऱ्या गुडघ्यावर जायचं. तिने थोडा विचार केला, बाकावर बसली आणि पट्टे सोडून पाय त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

त्याने स्क्रू काढला, घासला, बसवला, पुन्हा काढून बघितला. ती त्याच्या हातांवरून नजर हटवत नव्हती. त्याने विचारलं, "कातडी बघू?" तिने मान हलवली, नको. तिने पाय चढवला, भिंतीपर्यंत गेली, परत आली. गुडघा दुमडला नाही.

"पुढच्या वेळी बाई असतील त्या दिवशी येते," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि तिला जाता यावं म्हणून वाटेतलं स्टूल बाजूला केलं.